झिलईची कुंडी

रांजण पहिल्या दगडाने फुटला नाही. दगड त्याच्या पोटावर आपटून उसळला आणि कुंपणाच्या निवडुंगात जाऊन पडला. मागच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या बळीरामला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली. रांजण त्याच्याच हातचा होता. चार उन्हाळ्यांपूर्वी त्याने तो हातगाडीवरून आणला तेव्हा गंगाबाईंनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिला होता आणि "पक्का भाजलायस रे" म्हणाल्या होत्या. आता गंगाबाई नव्हत्या, आणि त्यांचे चिरंजीव दिनानाथ मास्तर काटे चुकवत निवडुंगात दगड शोधत होते.

"दुसरा घे. मोठा घे," पडवीतून गुणामावशी म्हणाल्या. "असा गोंजारत बसलास तर वर्षश्राद्धापर्यंत फुटायचा नाही तो."

मास्तरांनी मोठा घेतला आणि रांजण फुटला.

गंगाबाईंना जाऊन त्या दिवशी दहा दिवस झाले होते. सकाळी गाढी नदीच्या काठी पिंडाला कावळा पटकन शिवला होता, म्हणून मंडळी उन्हं चढायच्या आत घरी परतली होती आणि आता घर शुद्ध करायचं काम निघालं होतं. त्याचा नियम पनवेलीत सगळ्यांना पाठ होता. तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून घरात, काचेची आणि चिनीमातीची धुऊन घरात, आणि मातीचं जे असेल ते बाहेर काढून फोडायचं. माती पाणी पिते तसं सुतकही पिते, आणि ते धुऊन निघत नाही. म्हणून माठ गेला, दह्याची गाडगी गेली, भाकरीचं खापर गेलं, आणि आता रांजण गेला. अकराव्याला नवी भांडी लागणार, ती सांगायला बळीरामला बोलावलं होतं. कुणी मेलं की कुंभाराची चैन, असं लोक थट्टेने म्हणत, आणि बळीरामही हसत असे. पण आपलं भांडं फुटताना बघणं त्याला कधी जमलं नव्हतं. एरवी अशा दिवशी तो बायकोला, हौसाला पाठवायचा. आज तो स्वतः आला, कारण या घरातल्या एका भांड्याची त्याला काळजी होती, आणि ते अजून बाहेर आलेलं नव्हतं.

गुणामावशी म्हणजे गंगाबाईंची थोरली बहीण. राहायला अलिबागेला. मयताच्या घरी त्यांना बोलवावं लागत नसे. त्या येत, आणि त्या आल्या की रडणारी माणसंसुद्धा रीतीने रडत. शाळेत चाळीस पोरांना नुसत्या नजरेने गप्प बसवणारे दिनानाथ मास्तर मावशीपुढे तोंडातून ब्र काढत नसत.

"झालं सगळं?" मावशींनी विचारलं. "आत काही राहिलं नाही ना?"

उत्तराची वाट न पाहता मावशी उठल्या, आत गेल्या, आणि थोड्या वेळाने त्यांच्यामागून मास्तरांची बायको वेणू बाहेर आली. तिने कडेवर मूल घ्यावं तशी एक कुंडी धरली होती.

कुंडी हातभर उंच, तोंडाशी रुंद, खाली निमुळती. माती तांबडी, पण तिच्यावर मधाच्या रंगाची झिलई, आणि काठावरून खाली ओघळता ओघळता थांबलेला हिरवा रंग. काठाखाली नखाने काढलेली वेल. आत पांढरी शेवंती भरून फुलली होती. बळीरामने ती कुंडी गेली तीस वर्षं खिडकीच्या अर्ध्या उजेडातच पाहिली होती. आज ती मोकळ्या उन्हात आली होती.

"ज्या खोलीत जीव गेला त्या खोलीतली ही," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "ही तर सगळ्यांत आधी निघायला हवी होती. आणि ही बया ती पदराआड लपवतेय."

"लपवत नव्हते," वेणू म्हणाली. "ही काचेची आहे, मावशी. लोणच्याच्या बरण्या धुऊन घेतल्या, तशी हीही घेऊ."

मावशींनी कुंडी पडवीच्या कडेला ठेवायला लावली, कलती केली आणि कोयतीच्या टोकाने तिचं बूड खरवडलं. फरशीवर तांबडी भुकटी सांडली.

"ही काच का? ही माती."

"आणि हे?" वेणूने कुंडीच्या पोटावरून तळवा फिरवला. "हे काय आहे मग? सासूबाई रोज ओल्या फडक्याने पुसायच्या. पाण्याचा थेंब आत जात नाही."

लग्न होऊन आल्याला चौदा वर्षं झाली होती, पण घरात तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. मास्तर हातातल्या दगडाकडे बघू लागले. हा प्रश्न पाठ्यपुस्तकाबाहेरचा होता.

मास्तरांचे मेव्हणे कमळाकर पडवीतल्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत होते. मास्तरांच्या बहिणीचे यजमान, मुंबईला एका मोठ्या कंपनीत हेडक्लार्क. घरचे जावई असल्यामुळे त्यांना कुणी काम सांगत नव्हतं आणि दहा दिवस बसून बसून ते कंटाळले होते.

"अहो, भांडता कशाला?" ते म्हणाले. "पिढीजात कुंभार दारात उभा आहे. माती की चिनी, हे त्याला कळायचं नाही तर कुणाला? तो म्हणेल ती पूर्व दिशा."

सगळ्यांनी बळीरामकडे पाहिलं. वेणूनेही पाहिलं. ती कुंडी कुणाच्या हातची, हे त्या पडवीत बळीरामखेरीज फक्त तिला ठाऊक होतं.

कुंडी बळीरामच्या आज्याने केली होती, तुळशीरामने. पनवेलच्या बंदरावर उतरलेल्या एका परमुलखातल्या कारागिराला त्याने चार महिने घरी ठेवून घेतलं होतं आणि त्याच्याकडून तो झिलई शिकला होता. पांढरी वाळू आणि शेंदूर एकत्र वाटायचा, पेजेसारखा पातळ करून भाजलेल्या भांड्यावर ओतायचा, हिरव्यासाठी तांब्याचा कीस घालायचा आणि पुन्हा भट्टी लावायची. एवढं कुंभारवाड्यात सगळे ऐकून होते. कशात किती, हे तुळशीरामबरोबर गेलं. दहा-बारा वर्षं त्याने झिलईच्या कुंड्या केल्या. मग त्याच्या पोटात कळा यायला लागल्या, आणि पुढे पुढे मनगटं लुळी पडली. हात पुढे केले की पंजे खाली लोंबत. आज एखादा डॉक्टर त्याचं काही कारण सांगेलही. तेव्हा भावकीने बसून ठरवलं, की शेंदूर मारुतीचा, तो भट्टीत जाळला, म्हणून देवाने हात काढून घेतले. तुळशीरामच्या दहाव्याला त्याच्या मुलाने, विठूने, घरात होत्या तेवढ्या कुंड्या फोडल्या. तेवढ्यावर त्याची भीती गेली नाही. गावात ज्या ज्या घरी बापाची कुंडी होती तिथे जाऊन त्याने हात जोडले आणि तीही फोडायला लावली. फक्त गंगाबाईंच्या सासऱ्यांनी त्याला दारातून परत पाठवलं. "तुझा बाप चांगला कारागीर होता. मी नाही फोडणार," असं ते म्हणाले होते म्हणे.

बळीराम जन्मला तेव्हा तुळशीराम जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात त्याचं काही नव्हतं. फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि विठूने बापाचं हत्यारसुद्धा ठेवलं नव्हतं. बळीराम पंचविशीत असताना एकदा माठ घेऊन या घरी आला, तेव्हा गंगाबाईंनी त्याला खिडकीशी बोलावलं आणि कुंडी त्याच्याकडे वळवली. "बघ, हा तुझा आजा," त्या म्हणाल्या. तेव्हापासून माठ असो नसो, महिन्या दोन महिन्यांनी तो यायचा, खिडकीखाली अंगणात बसायचा आणि कुंडी बघायचा. काठ किती पातळ उचललाय, हिरवा रंग नेमका कुठे थांबवलाय, वेल काढताना नख कुठे अडखळलंय. घरी परत जाताना तो खूश असायचा. एवढ्या वर्षांत गंगाबाईंनी त्याला "काय बघतोस" असं विचारलं नाही. आजारी पडल्यावर त्यांनी सुनेला सांगून ठेवलं होतं, की कुंडी बळीरामच्या आज्याच्या हातची आहे, तो आला तर त्याला बसू देत जा. कुंडी कुठली, हे मास्तरांनी आईला कधी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांना माहीत नव्हतं.

"बोल की," मावशी म्हणाल्या.

बळीराम पायरीपर्यंत आला. पायरी चढायची नव्हती, सुतक होतं.

"मावशीबाय, फोडायचीच असंल तर..." तो थांबला. "फोडन्यापरीस मला नेऊ द्याल का?"

"तुला?" मावशींचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. एखाद्याला त्याच्याच भल्याचं सांगावं तशा त्या म्हणाल्या, "अरे, मेल्या माणसाच्या उशाची माती तू कुंभार होऊन घरात नेणार? उद्या चाकावर बसायचंय ना तुला? तुझ्या बापाच्या वेळी तू काय केलंस?"

बापाच्या वेळी बळीरामने घरातलं सगळं फोडलं होतं. न भाजलेली कच्ची मडकीसुद्धा. मावशी बरोबर बोलत होत्या, आणि ही कुंडी घेऊन तो कुंभारवाड्यात शिरला असता तर भावकीने त्याला हेच विचारलं असतं, आणि एवढ्या मऊपणाने नव्हे.

"तेवढं सांग," मास्तर म्हणाले. त्यांनाही हे एकदाचं संपायला हवं होतं. "तुमची माती आहे, की चिनी?"

आमची हाय, आज्याची हाय, असं सांगायला तो आयुष्यभर तयार होता. कुणी विचारलं नव्हतं. आज अख्खं घर कान देऊन उभं होतं आणि मास्तरांच्या हातात दगड होता. खरं बोललं तर कुंडी जाते, खोटं बोललं तर आजा जातो. तिसरं काही सुचेना. मदत होईल म्हणून त्याने वेणूकडे पाहिलं. वेणू त्या दगडाकडे बघत होती.

"नाय," बळीराम म्हणाला. "माती आमची नाय ती. चिनी हाय."

"तांबडी चिनी?"

"आसते. तिकडं तांबडी बी आसते. बुडाला झिलई देत नायत, म्हनून तांबडं दिसतं. आमच्याकडं काच चडवायची रीतच नाय."

शेवटचं वाक्य त्याच्या बापाचं होतं. झिलईच्या कुंड्या विचारत कुणी गिऱ्हाईक आलं की विठू दारातच हे सांगून त्याला वाटेला लावायचा. लहानपणी ऐकताना बळीरामला बापाचा राग यायचा.

मावशींची खात्री पटली नव्हती. धर्माच्या बाबतीत त्या कुणाच्या शब्दावर राहत नसत.

"चाकाची आण घेऊन सांगशील?"

शेवंतीवर एक मधमाशी घोंघावत होती. बळीरामने उजवा हात धोतराला पुसला, जणू चाकावर ठेवायचाच आहे.

"चाकाची आन. ही आमच्या हातची नाय."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दगड खाली टाकला आणि हात झटकले. वेणूने कुंडी उचलली आणि धुवायला विहिरीकडे नेली. जाताना ती बळीरामच्या अगदी जवळून गेली, पण तिने मान वर केली नाही.

तो परत निघाला तर कमळाकर त्याच्यामागून विहिरीपर्यंत आले. त्यांचा कंटाळा पार गेला होता.

"चिनी म्हणजे खरोखरच चीनची म्हणता?"

"आसंल, सायेब."

"असणारच. पूर्वी पनवेल केवढं बंदर होतं. गलबतातून आली असणार. यांच्या आजोबा-पणजोबांपैकी कुणीतरी घेतली असेल. जुनी किती असेल, शंभर वर्षं?"

"आसंल."

"मला बघताक्षणीच वाटलं होतं. इथल्या कुंभाराच्या हातून असलं काम... रागावू नका हं, बळीराम."

"राग कसला, सायेब."

तो घरी आला तेव्हा हौसा भट्टीतली राख ओढत होती. कुंडी तिने कधी पाहिली नव्हती, पण तिच्याबद्दल लग्नापासून ऐकत होती.

"वाचली का?" तिने विचारलं.

"वाचली."

"मंग त्वांड का असं?"

"सुतकाच्या घरातनं आलूय. पानी दे आंगोळीला."

कसं वाचवलं, ते तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नवा माठ, नवी गाडगी आणि खापर पोचवलं; रांजण नंतर द्यायचा ठरला. चाकावर बसताना पहिल्या दिवशी त्याने थोडा वेळ हात मांडीवरच ठेवले होते. मग बसला. दोन-तीन दिवसांत मन जरा थाऱ्यावर आलं. कुंडी खिडकीत परत गेली असणार. आण खोटी घेतली खरी, पण त्याची शिक्षा व्हायची ती त्याला होईल, कुंडीला नाही. महिनाभराने जाऊन खिडकीखाली बसू, वेणूवयनी नाही म्हणणार नाहीत, असं तो स्वतःला सांगत होता.

चौदाव्या दिवशी सकाळी मास्तरांचा निरोप आला. पेंढा घेऊन ये, एक भांडं बांधायचं आहे.

पेंढ्याचा भारा घेऊन तो गेला तेव्हा मागचं दार उघडं होतं आणि घर शुद्ध झालेलं होतं, म्हणून तो पायरी चढून पडवीत गेला. कुंडी फरशीवर होती, रिकामी. शेवंती डालडाच्या डब्यात लावली होती आणि तिची पानं आताच मलूल झाली होती. शेजारी एक लाकडी खोकं.

"ये, ये," मास्तर म्हणाले. "कमळाकररावांना दहाच्या ठाण्याच्या एसटीने निघायचंय. त्यांच्या साहेबांना जुन्या चिनी भांड्यांचा नाद आहे. काचेच्या कपाटात ठेवतात म्हणे. आमच्याकडे खिडकीत पडून तिचं काय चीज होणार? नीट बांध. मोठ्या प्रवासाची सवय आहे तिला, पण रस्ता आपला आहे." आपल्या विनोदावर मास्तर थोडे हसले. आईनंतर ते पहिल्यांदाच हसत होते.

वेणू स्वयंपाकघराच्या दारात होती.

"मी सांगून बघितलं," ती म्हणाली. मास्तरांना ऐकू गेलं तरी चालेल, अशा आवाजात. "जावयाने मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नसतं, म्हणाले."

कुंभाराची तांबडी कुंडी जावयाने मागितली नसती. दहा दिवस ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती, त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नव्हती. बळीरामला हे सगळं एकदम कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता.

"मास्तर," तो म्हणाला. "ही कुंडी..."

"काय?"

पडवीच्या टोकाला गुणामावशी जप करत बसल्या होत्या. त्यांची बोटं माळेवर थांबली. कुंडी मातीची हाय, एवढे तीन शब्द बोलायचे होते. मग अकरावा, बारावा, तेरावा, सगळं बाटलेल्या मातीसकट एका घरात झालं, ब्राह्मण जेवून गेले ते तसेच जेवून गेले, असं झालं असतं. मावशींनी घर पुन्हा शुद्ध करायला काढलं असतं. वेणूने जाणूनबुजून लपवलं हे निघालं असतं. आणि एवढं होऊन शेवटी कुंडी फुटलीच असती.

"काय म्हणत होतास?"

"काय नाय. पेंढा कमी पडतोय का काय, बघत व्हतो."

"पुरेल की."

तो खाली बसला आणि कुंडी त्याने दोन्ही हातांनी उचलली. तीस वर्षांत त्याने तिला हात लावला नव्हता. गंगाबाईंनी लावू दिला असता, पण मागायचं कधी सुचलं नाही. अंदाजापेक्षा ती हलकी निघाली. एवढी हलकी कुंडी त्याला आजही उचलता आली नसती चाकावरून. आतल्या अंगाला झिलई नव्हती. बुडापासून काठापर्यंत बोटांच्या वळ्या चढत गेल्या होत्या आणि त्यांच्यावरून हात फिरवताना त्याला रडू आलं. त्याने ते पेंढा झाडायच्या निमित्ताने मान वळवून जिरवलं. मग आत पेंढा भरला, बाहेरून वेण्या घालून गुंडाळला, खोक्याच्या तळाशी जाड थर दिला आणि कुंडी ठेवून चारी बाजूंनी दडपली. हे काम पनवेलीत त्याच्याइतकं नीट कुणालाच येत नव्हतं. हलवून पाहिलं, काही हललं नाही.

"वा," कमळाकर बाहेर येत म्हणाले. त्यांनी प्रवासाचा कोट चढवला होता आणि हातात एक कागद होता. "आता एकच काम. आमचे साहेब भारी चोखंदळ आहेत. कुणीही काहीही चिनी म्हणून आणून देतं हो त्यांना. तेव्हा म्हटलं, तुमचा एक दाखला असू द्यावा. तुमच्यासारख्या माणसाने लिहून दिलं की प्रश्नच मिटला."

"मला लिवता येत नाय, सायेब."

"मी लिहिलंय. अंगठा द्या फक्त. नावं तेवढी राहिलीत." ते खुर्चीवर बसले, मांडीवर मास्तरांची पाटी घेतली, तिच्यावर कागद ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. "वडिलांचं नाव?"

"विठू."

"आजोबांचं?"

बळीराम खोक्यातला पेंढा पुन्हा दाबू लागला.

"सांगा ना. तीन पिढ्या आल्या की दाखल्याला वजन येतं."

वेणू दारातून आत निघून गेली. आत भांड्यांचा आवाज झाला नाही, नुसती ती गेली.

"तुळशीराम," बळीराम म्हणाला.

कमळाकरांचं अक्षर सुंदर होतं आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांनी सावकाश नावं भरली, शाई वाळू दिली आणि वाचून दाखवलं.

"मी, बळीराम विठू कुंभार, राहणार पनवेल, जिल्हा कुलाबा, धंदा पिढीजात कुंभारकाम, लिहून देतो की, सदरहू कुंडी मी स्वतः तपासली असून ती चिनी बनावटीची आहे. माझे वडील विठू, आजे तुळशीराम, यांनी अगर पनवेलच्या अन्य कोणाही कुंभाराने अशी वस्तू कधी केलेली नाही व करण्याची विद्या आमच्यात नव्हती. तारीख नऊ डिसेंबर एकोणीसशे चोपन्न. बरोबर आहे ना?"

"बरोबर हाय."

मास्तरांनी शाळेची शाईची गादी आणून दिली. बळीरामने अंगठा तिच्यावर टेकवला, उचलला, आणि कागदावर वाकून थांबला.

"सायेब, ह्यात आज्याचं नाव कुठं हाय?"

"तुळशीराम? हे बघा, इथे."

कमळाकरांच्या नखापुढे पाच अक्षरं होती. ते नाव लिहिलेलं बळीरामने आजवर कुठे पाहिलं नव्हतं. ते कसं दिसतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो ती अक्षरं डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडून बघत राहिला.

"लावा ना," कमळाकर घड्याळ बघत म्हणाले. "इथेच लावा, शेजारी."

"जरा खाली लावतो," बळीराम म्हणाला. "नावावर शाई नको जायाला."